बँडच्या नावाचा ट्रेडमार्क कोणाच्या नावे घ्यावा? मदत हवी आहे

कोथरूडमधील एका गाळ्यात सराव करत उभा राहिलेला आमचा चौघांचा मराठी हेवी मेटल बँड आता पुण्याबाहेरही बोलावला जाऊ लागला आहे. मात्र सुरुवातीचा गिटारवादक बाहेर पडला असून, नाव त्यानेच सुचवलेले असल्याने त्यावर आपलाही हक्क आहे, असे तो म्हणतो. (पैसे येईपर्यंत हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता.) लेखी करार नाही. त्याच्याशी बोलणे अजून सुरू आहे, भांडण नाही.

करमणुकीच्या सेवा ज्यात मोडतात त्या ४१व्या वर्गात आम्ही ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर शोध घेतला. तेथे हे नाव आढळले नाही. ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्तीस ४,५०० रुपये, तर लघुउद्योग किंवा स्टार्टअप म्हणून नोंद नसलेल्या भागीदारी संस्थेस ९,००० रुपये आहे. गाण्यांचा कॉपीराइट हा १९५७च्या कायद्याखालील वेगळा विषय असल्याने तो तूर्त बाजूला ठेवला आहे. वकिलाची फी सध्या परवडणारी नाही.

तेव्हा, अर्ज चौघांनी संयुक्तपणे करावा की आधी भागीदारीचा करारनामा करावा, आणि त्या गिटारवादकाकडून अर्जापूर्वी नेमके काय लिहून घ्यावे?