'व्हेटिंग'ला मराठीत काय म्हणायचं? पडताळणी, चौकशी, पारख…

कच्चा खर्डा:
एका शब्दाने माझे दोन दिवस खाल्लेत. इंग्लंडमधल्या पोलीस खात्यावरचा एक लेख मराठीत करतेय. वरच्या पदावर नेमण्याआधी अधिकाऱ्याचं जे 'व्हेटिंग' करतात, त्याबद्दल आहे. घाईत 'वेटिंग' टाइप झालं. बाबांनी वाचलं आणि म्हणाले, "एवढ्या मोठ्या साहेबालाही वेटिंग? मला वाटायचं सिद्धेश्वर एक्स्प्रेसला आपल्यालाच असतं."

सरकारी मराठीत 'चारित्र्य पडताळणी' आहे, माहीत आहे. पण तो शब्द वाचला की भरतीच्या मैदानावरचा पोरगा डोळ्यांसमोर येतो, महासंचालक येत नाही. लेखात डेव्हिड कॅरिकचं उदाहरण आहे. लंडनच्या पोलीस दलात २००१ मध्ये लागला, २०१७ मध्ये पुन्हा व्हेटिंग झालं, त्यातही पास. जानेवारी २०२३ मध्ये त्याने बलात्कारांसह ढीगभर गुन्हे कबूल केले, सगळे नोकरीत असतानाचे. लेखकाचं म्हणणं, पद जसं वर जाईल तशी तपासणी खोल हवी. तिकडे नाजूक पदांसाठी माणसाचं कर्ज, घरखर्च, सगळं विचारतात. ही खोली 'पडताळणी'त येते का?

होटगी रोड:
'छाननी' लिहा. विषय संपला.

कच्चा खर्डा:
छाननी अर्जाची होते हो, माणसाची नाही. निवडणुकीत उमेदवारी अर्जाची छाननी अधिकारी करतो. उमेदवाराची आपण करायची असते, पण कुठे करतो?

पूर्व भाग:
आमच्या घरी तेलुगू, भिंतीपलीकडे कानडी. दोन्हींत यासाठी सरळ शब्द आहे, 'परिशीलन', थोड्या उच्चाराच्या फरकाने. अर्ज, कागद, सगळ्याचं परिशीलन होतं. मराठीत मात्र परिशीलन म्हणजे ग्रंथ उघडून बसणं. मी एकदा बँकेत विचारलं, "म्याडम, कागदांचं परिशीलन झालं का?" त्या म्हणाल्या, "काका, पोथी आहे का ही?" तेव्हा तो शब्द तुमच्या उपयोगाचा नाही, पण सोलापुरात निम्म्या लोकांना कळेल.

आवक-जावक:
मी आस्थापना शाखेत कारकून होतो, काही वर्षं गोपनीय कागदांच्या टेबलावर. जरा लांबण लागेल.

'पडताळणी'त 'ताळा' आहे. गणित झालं की ताळा करून बघतो, तोच. ताळेबंदातही तोच. आणि 'पड' म्हणजे 'प्रति', जसा पडसादात किंवा पडजिभेत. म्हणजे पडताळायला दोन बाजू लागतात. पोरगा लिहितो, माझ्यावर गुन्हा नाही. ठाण्याचं रजिस्टर म्हणतं, नाही. जुळलं, सही, शिक्का. जात पडताळणी घ्या, भाडेकरूची घ्या, पासपोर्टची घ्या, हेच चालतं.

आता मोठ्या साहेबाचा ताळा कशाशी घालणार? त्याच्याच दरवर्षीच्या गोपनीय अहवालांशी. ते लिहिले त्याच्या वरच्या साहेबांनी, ज्यांना उद्या त्याच्याच शेजारी बसायचं आहे. सचोटीच्या रकान्यात 'संशयातीत'. हा शब्द मी इतक्यांदा टाइप केलाय की 'सं' म्हटलं की बोटं पुढचं आपोआप उमटवायची. खरं वजन कोऱ्या रकान्याला. सचोटीबद्दल शंका असेल तर रकाना रिकामा सोडायचा आणि वेगळी गुप्त टिपणी ठेवायची, असा नियम. माझ्या सबंध नोकरीत असा कोरा रकाना एकदाच हाताखालून गेला. साहेबांनी कागद परत पाठवला नाही म्हणून मीच घाबरत विचारायला गेलो, "सर, हे राहिलंय." ते म्हणाले, "राहिलेलं नाही." एवढंच.

पुढे २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बरा-वाईट प्रत्येक शेरा ज्याचा त्याला कळवायचा. न्यायाचंच होतं. पण लिहिणाऱ्यांचा हात त्यानंतर आणखी सैल झाला, असं माझं मत. समोरासमोर कोण वाईटपणा घेतो? त्यामुळे वरच्या पदाला पडताळणी पुरत नाही असं तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे. कागदाशी कागद जुळतो, आणि दोन्ही कागद गुळमुळीत असतात.

जाता जाता: 'चरित्र पडताळणी' असे बोर्ड झेरॉक्सच्या दुकानांवर दिसतात. ते हिंदीतून आलं. मराठीत वर्तन ते चारित्र्य आणि आयुष्याची हकीकत ते चरित्र. शिपायाचं चारित्र्य तपासतात. महासंचालकाचं मात्र खरोखर चरित्र वाचायला हवं, म्हणून तिथे ती चूक मी खपवून घेईन.

सांगोल्याचा बाजार:
ताई, इंग्रजी शब्द तर आमच्यातलाच निघाला. व्हेट म्हणजे गुरांचा डॉक्टर. घोडा त्याला दाखवून घ्यायचा, त्यावरून व्हेट करणं.

आमच्या रविवारच्या बाजारात खिलार बैल घेताना काय करतात ते बघा. आधी जबडा उघडून दातांवरून वय: आदत (दुधाचे दात), दुसा (दोन दात), चौसा (चार), की जुळलेला (सगळे आलेले). मालक सांगतो त्यावर कोणी जात नाही. मग अंगावरचे केसांचे भोवरे. मग चालवून. मग गाडीला जुंपून. आणि सगळं पटलं तरी जाणता माणूस पैसे मोजत नाही, तो मालकाच्या गावचा कोणी बाजारात दिसतो का ते शोधतो. त्याला चहा पाजायचा आणि हळूच विचारायचं, "खोड काय हाय?" मारका आहे, चिखलात बसतो, लहान पोराच्या अंगावर जातो, हे दातात दिसत नाही. याला आम्ही पारख म्हणतो.

होटगी रोड:
म्हणजे आयुक्तांचा जबडा उघडायचा?

सांगोल्याचा बाजार:
जबडा कशाला, मागच्या गावाला विचारा की.

पूर्व भाग:
हे मात्र खरं. अशोक कामटे इथे पोलीस आयुक्त होते. २६/११ ला मुंबईत शहीद झाले ते. त्यांच्याबद्दल सांगायला सोलापूरच्या रिक्षावाल्याला कुठला अहवाल लागत नाही. 'लौकिक' म्हणतात तो हाच.

कायद्याचा कीस:
लौकिक ठीक, पण कानोसा घेऊन नेमणुका करायच्या तर कान कुणाचे, हा प्रश्न येतो. केंद्रात वरच्या पदांसाठी सहकारी, वरिष्ठ, कनिष्ठ अशा चहूबाजूंनी मतं घेण्याची पद्धत आणली. २०१७ मध्ये संसदीय समितीने तिच्यावर टीका केली, की ती अपारदर्शक आहे आणि व्यक्तिसापेक्ष आहे. कडक अधिकाऱ्याबद्दल हाताखालचे चांगलं बोलतीलच असं नाही.

महासंचालकपदाची रीत सांगतो, अनुवादात तुलना द्यायची असेल तर. प्रकाश सिंह हे स्वतः निवृत्त पोलीस महासंचालक. त्यांनी १९९६ मध्ये पोलीस सुधारणांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, निकाल २२ सप्टेंबर २००६ चा. केंद्रीय लोकसेवा आयोग सर्वांत ज्येष्ठांतून तिघांची यादी करतो, त्यांतून राज्य सरकार एक निवडतं, त्याला किमान दोन वर्षं मिळावीत. निकष तीन: सेवेची वर्षं, उत्तम सेवाभिलेख, अनुभवाचा आवाका. जुलै २०१८ मध्ये न्यायालयाने वर बजावलं की 'प्रभारी' महासंचालक नेमू नका. तरी आपल्याच राज्यात एप्रिल २०२१ ते फेब्रुवारी २०२२ हे पद अतिरिक्त कार्यभारावर चाललं आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. 'प्रभारी' शब्दाची गंमत बघा, भार वाहणारा असा अर्थ, पण कानाला 'तात्पुरता' असाच लागतो.

तुमच्या शब्दाला खरा उपयोगी निकाल पोलिसांचा नाही, दक्षता आयुक्तांचा आहे. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पी. जे. थॉमस यांची केंद्रीय दक्षता आयुक्तपदावरची नेमणूक रद्द केली. केरळमधल्या पामोलिन तेल आयात प्रकरणातला त्यांच्यावरचा प्रलंबित खटला आणि त्याबद्दलच्या जुन्या टिपण्या निवड समितीने विचारातच घेतल्या नव्हत्या. न्यायालयाचा मुद्दा असा होता, की माणसाच्या सचोटीबरोबर संस्थेची सचोटीही बघायची. इथे माणूस दोषी आहे का, हा प्रश्नच नव्हता. या माणसाने त्या खुर्चीवर बसल्याने खुर्चीला बाध येतो का, एवढंच बघायचं होतं. हे 'पडताळणी'त नाही. 'पारख'मध्ये थोडंफार आहे.

कच्चा खर्डा:
'नेमणूकपूर्व चौकशी' कसं वाटतं? स्थळाची चौकशी करतो तशी.

आवक-जावक:
सरकारी माणसापुढे हा शब्द काढू नका. स्थळाची चौकशी घरोब्याची, अधिकाऱ्याची चौकशी म्हणजे विभागीय. "साहेबांची चौकशी चालू आहे" एवढं वाक्य चहाच्या टपरीवर पडलं तर संध्याकाळपर्यंत निलंबनाची बातमी होते.

आणि 'पारख'ही जपून. पारखणारा कोण ते सांगितल्याशिवाय तो शब्द लंगडा आहे. मंत्र्याने पारखला की पेपरात छापून येतं, "आयुक्तपदी अमुक यांची वर्णी". 'वर्णी लागली' म्हटलं की तपासणीचा वासही उरत नाही.

कच्चा खर्डा:
तर असं करतेय. जिथे कागद तपासलेत तिथे 'पडताळणी'. ठरावीक वर्षांनी पुन्हा होते तिथे 'फेर पडताळणी'. आणि वरच्या पदांसाठी शब्द शोधायचा नाद सोडून वाक्यच मोडलं: "या पदावर नेमण्याआधी अधिकाऱ्याची मागची सेवा, आर्थिक व्यवहार आणि लौकिक खोलात जाऊन तपासला जातो." शीर्षकात मात्र 'पारख' ठेवलीय. बाबांना आता कळलं. विचारत होते, आपल्याकडे हे खोलात जाऊन कोण करतं.

आवक-जावक:
त्यांना सांगा, रकाना कोरा आहे. आणि 'फेरपडताळणी' एकत्र लिहा, फेरमोजणीसारखं.