कळलावीचा कंद फुटत नाहीये

प्रश्न: रोपवाटिकेतून आणलेला कळलावीच्या वेलीचा कंद मेअखेरीस कुंडीत लावला. जुलै आला तरी कोंब नाही, कंद मात्र टणक आहे. काय करावं?

उत्तर: आधी टोक तपासा. कंदाच्या प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा (कोंब फुटायची जागा) असतो आणि तो फार ठिसूळ. तो मोडला की फाटा पुन्हा फुटत नाही. शाबूत असेल तर कंद आडवा, दोन इंच खोल लावा. माती, वाळू, शेणखत समप्रमाणात. निव्वळ चिकणमातीत पाणी साचून कंद कुजतो.

दुसरं उत्तर: आधार आत्ताच रोवा, नंतर काठी खुपसली तर कंदात घुसेल. काठी बारीकच हवी: वेल पानांच्या टोकांनी धरते, जाड बांबूला वेढा बसत नाही. फुलं हिरवट-पिवळी उमलून लालभडक होत जातात, फार देखणी! वेल पिवळी पडली की पाणी पूर्ण बंद. अशा सुप्त (वाढ थांबलेल्या) कंदाला सवयीने पाणी घातल्यानेच तो बहुधा जातो.

पहिलेच उत्तरकर्ते: हातमोजे घाला. सगळी वेल विषारी, कंदात कोल्चिसिन हे विष असतं. मुलं, गुरं लांब ठेवा. रानातून कंद मात्र कृपया उकरू नका. बियांपासूनही होते, फक्त फुलायला काही पावसाळे जातात.