बारावीनंतर स्पोर्ट्स सायन्स की बी.पी.एड.?

खोखो_सोलापूर: बारावी सायन्सला आहे, सहावीपासून खो-खो खेळते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला, तेव्हापासून घरातला विरोध मावळलाय. पण बाबांचं एकच, बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) कर, शाळेत लागशील. मला स्पोर्ट्स सायन्स करायचंय. तिथं दिवसभर मैदानच असतं का? आमच्या टीममधल्या दोघी गुडघा धरून घरी बसल्यात. का झालं, कुणी सांगत नाही. 'बर्फ लाव' एवढंच.

पीटी_सर: बाबांचं चूक नाही. शाळेत शिकवायचं तर पदवीनंतरचं दोन वर्षांचं बी.पी.एड. लागतंच. ते नंतरही करता येतं.

पार्क_मैदान: गुडघ्याचं वाचलं म्हणून लिहायला बसले. मी सोलापूरचीच, स्पोर्ट्स सायन्समध्ये एम.एस्सी. केलंय, आता मुलींच्या टीमबरोबर असते. आधी त्या दोघींना हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, बर्फावर भागवू नका.

मैदान कमी, लॅब जास्त. शरीररचना, फिजिऑलॉजी, बायोमेकॅनिक्स (म्हणजे हालचालींमागचं बलांचं शास्त्र), आहार, मानसशास्त्र. आणि स्टॅटिस्टिक्स, ते कुणालाच चुकत नाही. पण 'का' विचारणाऱ्या मुलीला हेच शिक्षण हवं. खांबाला वळताना तू आत झुकतेस ना? तुमच्या फिजिक्सचा पहिलाच धडा बघ, रोटेशनल डायनॅमिक्स. वेग दुप्पट झाला की त्याच वळणाला चौपट बल लागतं. ते खांबावरच्या हातातून आणि टेकलेल्या पायातून येतं. पाय रोवलेला असताना गुडघा आत पडला, की एसीएलवर, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या एका अस्थिबंधावर, ताण येतो. झटक्यात थांबण्या-वळण्याच्या खेळांत ही दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त होते. उडी मारून नीट उतरणं, मांडीमागचे स्नायू बळकट करणं हे रोजच्या वॉर्मअपमध्ये घेतलं तर ती कमी होते, हे अभ्यासांतून दिसलंय. आपल्या किती मैदानांवर हे घेतात? म्हणून तुझ्यासारख्या खेळलेल्या मुली या विषयात यायला हव्यात.

ग्वाल्हेरची शारीरिक शिक्षणाची लक्ष्मीबाई संस्था १९५७ पासूनची, तिथले अभ्यासक्रम बघ. प्रवेशाआधी लॅब प्रत्यक्ष पाहा. नुसतं माहितीपत्रक वाचून फी भरू नका.

आणि सुरुवात आत्ताच कर. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळिशी ओलांडतो. सरावाआधी-नंतर वजन घे. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. पन्नास किलोच्या मुलीचे ते २ टक्के झाले, तिथून दमसास उतरायला लागतो.

खोखो_सोलापूर: ताई, घरचा काटा चालेल का? बाबांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. ग्वाल्हेर किती लांब, विचारत होते.

पार्क_मैदान: चालेल की. दोन्ही वेळेला काटा तोच हवा. घाम पुसून, ओले कपडे बदलून उभी राहा. मधे प्यायलेलं पाणी मोजून घटलेल्या वजनात मिळव, तेवढा घाम गेला. बाबांना काही विचारायचं असेल तर इथंच लिहू दे, मी उत्तर देते.