मदत हवी आहे: पार्किन्सन्सच्या गोळ्या चालू असताना खाजकुइलीचं चूर्ण?

नमस्कार मंडळी,

बाबा 71 वर्षांचे, पार्किन्सन्स होऊन सहा वर्षं झाली. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातून चार वेळा, जेवणाआधी अर्धा तास. आतापर्यंत बरं चाललं होतं.

गेल्या महिन्यात आत्याने गावाहून खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण पाठवलं. दुधात शिजवून, टरफलं काढून, वाळवून दळलेलं. शोधन अगदी रीतसर. बाबा कुणाला न सांगता रोज सकाळी चमचाभर दुधातून घेऊ लागले. परवा पेपर वाचता वाचता त्यांची मान आणि डावा खांदा डोलायला लागला, तबल्याला दाद द्यावी तसा. हातातल्या बशीतला चहा लेंग्यावर. हा नेहमीचा कंप नव्हे, तो हात मांडीवर स्वस्थ असताना येतो. आणि बाबांना पत्ताच नाही!

मग डबा सापडला. "झाडपाला आहे रे, त्याने काय होतंय?" अहो, त्या बीमध्ये लेव्होडोपाच असतो. आपल्याकडच्याच संशोधकांनी 1937 साली तो त्यातून वेगळा काढला होता. म्हणजे एकच औषध दोनदा पोटात. वर गोळीतला कार्बिडोपा लेव्होडोपाला मेंदूत पोचण्याआधी वाया जाऊ देत नाही. तो चूर्णातल्यालाही हात देणारच.

बाबांचं म्हणणं मात्र अगदीच टाकाऊ नाही. चूर्णाने अंग लवकर मोकळं होतं म्हणतात. 2004 मध्ये लंडनला 8 रुग्णांवर झालेल्या चाचणीत हेच दिसलं होतं: गोळीला तासाहून थोडा जास्त वेळ, चूर्णाला साधारण अर्धा तास. पण तिथे लेव्होडोपाचं प्रमाण मोजलेलं होतं आणि चूर्ण गोळीच्या जागी दिलं होतं, जोडीला नाही. आमच्याकडे माप म्हणजे आत्याचा चमचा.

डॉक्टर फोनवर म्हणाले, चूर्ण बंद, गोळ्या आहेत तशाच. गुरुवारी दाखवायला जायचंय. तोवर अनुभव हवेत. कोणाच्या न्यूरोलॉजिस्टने गोळी कमी करून चूर्ण बसवून दिलंय का? लेव्होडोपाचं प्रमाण छापलेलं पाकीट मिळतं का, आणि दर पाकिटाला गुण सारखाच येतो का? प्रथिनं लेव्होडोपाच्या शोषणाच्या आड येतात, तर दुधातून घेतल्यावर एक दिवस लागू, एक दिवस नाही, असं कोणी पाहिलंय? (ब्राह्मी-अश्वगंधेचे सल्ले कृपया नकोत.)

आणि आत्याला काय सांगू? रोज फोन करून विचारते, "फरक पडला का रे?"