डायव्हर्जन म्हणजे मोकाट सोडणं नव्हे, काका

फ्रीमाँटकर: काल पेन्शनरकाकांनी आपल्या कॅलिफोर्नियाबद्दल इथे लिहिलं, "डायव्हर्जनच्या नावाखाली काउंटी वेड्यांना मोकाट सोडते. सरळ ५१५० लावून आत टाका." रात्रभर डोक्यात तेच. अहो, ५१५० म्हणजे मनोरुग्णाला सक्तीने दवाखान्यात ठेवायचं कलम, तेही फक्त ७२ तास! त्यापुढे ५२५० चे १४ दिवस. कॉन्झर्व्हेटरशिप, म्हणजे रुग्णाचं पालकत्व, मिळवायची तर कोर्टात दमछाक होते. आणि डायव्हर्जन म्हणजे मनोरुग्ण आरोपीचा खटला थांबवून आधी उपचार. दंडसंहितेच्या १००१.३६ कलमाखाली ते जज देतो, उपचारांचा आराखडा बघून. फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, असेल तर दोन वर्षांपर्यंत देखरेख. खून, बलात्काराला ते लागूच नाही. मोकाट कुठे?

पेन्शनर: कलमं पाठ आहेत, शाब्बास. माझ्या गाडीची काच दोनदा फुटली. तोच माणूस, तेच पार्किंग. आमच्या पुण्यात असल्यांना येरवड्याला पाठवतात.

सदाशिवपेठी: कुठल्या येरवड्याला? जेल की मेंटल?

पेन्शनर: मेंटल. कळत असून विचारायची खोड!

सदाशिवपेठी: खोड कसली, वादच तो आहे. आणि "पाठवतात" म्हणे! २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंतर नुसती घरच्यांची सही चालत नाही. दोघांनी स्वतंत्र तपासायचं, त्यात एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच, आणि तेही आधी ३० दिवसांपुरतं. माझा मामा बरा झाला तरी आजोबा आणायला गेले नाहीत. अकरा वर्षं.

पेन्शनर: आमच्या काळी घरंच सांभाळायची.

सदाशिवपेठी: हो, माळ्यावरच्या खोलीत. बाहेरून कडी.

कुपर्टिनोची_आई: येरवडा पुरे! माझ्या मुलाला पोलिसांनी नेलं. दीड दिवस हॉस्पिटलच्या इमर्जन्सीतल्या कॉटवर, बेड नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांशी शांत बोलला, म्हणून सोडला. महिन्याभरात जेल. गोळ्या नियमित सुरू झाल्या त्या तिथेच, हे लिहायची लाज वाटते. जज डायव्हर्जनला तयार होता, पण ट्रीटमेंट सेंटरला जागा नव्हती. सात आठवडे जेलमध्येच. ह्याला मोकाट म्हणायचं?

फ्रीमाँटकर: ताई, १६ पेक्षा जास्त बेडचं मनोरुग्णालय असेल तर २१ ते ६४ वयाच्या रुग्णांचा खर्च मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्यविमा, देत नाही, खास सूट मिळाली तरच. मग बेड वाढणार कसे?

घरमालक_डब्लिन: वाढवा, पण आमच्या गल्लीत नकोत. शाळा आहे जवळ.

कुपर्टिनोची_आई: शाळेतच होता हो तोही.

पेन्शनर: ताई, मी तुमच्या मुलाबद्दल बोलत नव्हतो. जागा मिळाल्यावर सोडा, माझी ना नाही. पण काचेचे ६०० डॉलर कोण देणार?

सदाशिवपेठी: इन्शुरन्स!

पेन्शनर: डिडक्टिबल हजाराचं आहे, तेवढे आधी माझ्याच खिशातून.