मोडी-उर्दू रुमाल दान आलेत, सुरुवात कुठून करावी?

ग्रंथालय सहायक, बीड:
विद्यापीठाच्या ग्रंथालयाला एका गावच्या कुलकर्णी दप्तराचे (गावच्या महसुली हिशेबाचे) सहा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मिळालेत. मोडी कागद, निजामकाळातले छापील उर्दू फॉर्म, पावत्या. कडा कसरीने खाल्ल्यात, दोन रुमालांना ओलीचा वास येतो. वरून निरोप आहे, ‘सरळ स्कॅन करून टाका.’ स्कॅनर आहे, रिकामी खोली आहे, एसी नाही.

जतनकार:
स्कॅन सर्वांत शेवटी. आधी हे रुमाल मुख्य दालनात नेऊ नका, कीड सोबत आली तर पुस्तकांत शिरेल. ओलीचे दोन वेगळे काढा आणि सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर सुकवा. उन्हात टाकलेला कागद कडक होतो. बुरशी सुकल्यावरच मऊ ब्रशने झाडायची, एन-९५ मास्क लावून.

उरलेले चार पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही. घाई केली की गार कागदावर दव धरतं आणि सगळं मुसळ केरात. गोठवून किडे-अंडी मरतात, बुरशी मात्र मरत नाही, म्हणून ओलीच्या त्या दोन रुमालांना वेगळी वाट.

ओल्या बोळ्याने डाग पुसायचा मोह आवरा. मोडीची जुनी शाई बहुधा काजळी आणि डिंकाची, पाणी लागलं की अक्षर पसरतं. कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर थेंबभर पाणी ठेवून टिपकागद दाबा. काळं उतरलं तर त्या कागदाला पाणी वर्ज्य. फाटलेल्या जागी सेलोटेप कधीच नको, त्याचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो. पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा. रुमालांचं जुनं रंगीत कापड टाकू नका, पण कागद परत त्यात बांधूही नका, पावसाळ्यात रंग उतरतो. खळ धुऊन काढलेलं कोरं मांजरपाट उत्तम.

अभिलेख नोंदणी, नांदेड:
रुमालाचा क्रम मोडू नका. कागद विषयवार लावले की कोणता कशासोबत बांधला होता, हा पुरावाच जातो. रुमाल, पुडके, कागद असा तीन टप्प्यांचा क्रमांक मऊ पेन्सिलीने मागच्या बाजूला घाला.

गावाची नोंद त्या काळच्या जिल्ह्याखाली करा. १९४० चा लातूरचा कागद उस्मानाबाद जिल्ह्याचा. लातूर जिल्हा १९८२ चा. अंबाजोगाई जुन्या कागदांत मोमिनाबाद म्हणून सापडेल. दोन्ही नावं सूचीत हवीत, नाहीतर शोधणाऱ्याला काहीच मिळणार नाही.

ग्रंथालय सहायक, बीड:
उर्दू फॉर्मवर १३५७ असं साल आहे. हिजरी धरायचं का?

अभिलेख नोंदणी, नांदेड:
नाही, निजामाच्या महसुली कागदांवर बहुधा फसली, म्हणजे महसुली कालगणनेचं साल असतं. वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यापासून लागतं. इसवी सन काढायला ऑक्टोबर ते डिसेंबरला ५९० मिळवा, जानेवारी ते सप्टेंबरला ५९१. म्हणजे १३५७ फसली हे १९४७-४८, हैदराबादवरच्या पोलिस कारवाईचं वर्ष. मोडी कागदावर ‘सुहूर’ (मराठी कागदांतली आणखी एक जुनी कालगणना) दिसलं तर मात्र ५९९ किंवा ६०० मिळवा. मूळ तारीख जशीच्या तशी ठेवा, इसवी सन शेजारच्या रकान्यात.

डिजिटल कक्ष:
स्कॅनला लागाल तेव्हा ४०० डीपीआय, रंगीत, टिफ फाइल. ए-फोरचं एक पान साधारण ४६ एमबी, दहा हजार पानं म्हणजे ४६० जीबीच्या आसपास. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. वाचकांना पीडीएफ द्या. शिवलेली बाडं काचेवर दाबायची नाहीत, वरून कॅमेऱ्याने घ्या. आणि दानपत्रात प्रसिद्धीची परवानगी लिहून घेतलीय ना ते आधी पाहा.