सरकारी जमिनीवरचं घर २५ हजार कमावणाऱ्याला परवडेल का? आमदारांकडे नेमकं काय मागायचं

चावीवाली

येत्या अधिवेशनाआधी प्रत्येकाने आपल्या आमदाराला पत्र द्यावं, जमल्यास कार्यालयात जाऊन भेटावं, यासाठी हा धागा. मात्र पत्रात नुसतं ‘परवडणारी घरं हवीत’ असं लिहू नका. त्याला कोणताच आमदार नाही म्हणत नाही आणि त्यातून काही घडतही नाही.

राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण मे २०२५ मध्ये मंजूर झालं. २०३० पर्यंत ३५ लाख घरं आणि ७० हजार कोटींची गुंतवणूक, असं त्याचं उद्दिष्ट आहे. घरांची संख्या ठरली, पण ती घरं कोणत्या किमतीला मिळणार हे कुठल्याही कायद्यात बांधलेलं नाही. खरा घोळ इथेच आहे.

सिडकोची २०२४ ची २६ हजार घरांची योजना पाहा. जमीन सिडकोची, म्हणजे सार्वजनिक. तरी अत्यल्प उत्पन्न गटाचं तळोज्यातलं घर २५ लाखांपासून सुरू झालं आणि खारघर स्टेशनजवळचं अल्प उत्पन्न गटाचं घर ९७ लाखांवर गेलं. आता कर्जाचं गणित मांडू. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी एका लाखाचा मासिक हप्ता साधारण ८७० रुपये होतो. २५ लाखांच्या घरावर बँक ८० टक्के, म्हणजे २० लाख देईल. हप्ता १७,४०० आणि खिशातून ५ लाख. अत्यल्प गटाची मर्यादा वर्षाला ६ लाख. महिना ५० हजार कमावणारं, म्हणजे गटाच्या अगदी वरच्या टोकाचं कुटुंब हे ओढूनताणून जमवेल. २५ हजार कमावणाऱ्याला उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शात ८,३०० चा हप्ता झेपतो. म्हणजे कर्ज साडेनऊ लाख. त्याने काय करायचं?

आता उलट बाजूने येऊ. ३० चौरस मीटर चटई क्षेत्र (घरातली प्रत्यक्ष वापराची जागा) म्हणजे ३२३ चौरस फूट. भिंती, जिना, लिफ्ट, मार्गिका धरून बांधकाम ४८० चौरस फूट. हिशेबापुरता दर ३,००० रुपये फूट धरला तर १४ लाख ४० हजार. पंतप्रधान आवास योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख वजा केले की ११ लाख ९० हजार. कुटुंबाने सव्वादोन-अडीच लाख उभे केले तर बाकीचं कर्ज त्याच्या आवाक्यात बसतं. पण जमिनीची किंमत शून्य धरली तरच. तीत बाजारभावाचा एक हिस्सा जरी मिसळला, तरी घर वरच्या गटाकडे सरकतं.

म्हणून मागणी अशी: सरकारी, म्हाडाच्या आणि सिडकोच्या जमिनीवरच्या अत्यल्प गटाच्या घराची किंमत बांधकाम खर्च उणे अनुदान एवढीच असावी, जमीन नाममात्र भाडेपट्ट्याने द्यावी, आणि विकायचं झाल्यास घर त्या संस्थेलाच ठरलेल्या सूत्राने परत द्यावं.

एफएसआय

असहमत, आणि मुळापासून असहमत. जमीन फुकट धरली की घर स्वस्त दिसतं, एवढंच. ती जमीन विकून आलेल्या पैशातून रस्ते, पाणी, रुग्णालयं होतात. तो तोटा कोणाच्या तरी खात्यावर पडणारच.

सरकार बांधकामात उतरलं की काय होतं ते विरार-बोळींजला पाहा. म्हाडाच्या कोकण मंडळाची सुमारे १० हजार घरं, आणि त्यातली हजारो वर्षानुवर्षं विक्रीवाचून पडून. सोडती काढून झाल्या, शेवटी ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ करावं लागलं. मुंबईतल्या जुन्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन २०१७ चं, वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या ऑगस्ट २०२५ मध्ये. एकूण चाळी २०७ आहेत. या वेगाने किती पिढ्या लागतील?

परवाने लवकर द्या, जादा बांधकामाच्या परवानगीसाठी घेतली जाणारी अधिमूल्यं कमी करा, खासगी बिल्डर आपोआप छोटी घरं बांधतील. आमदारांकडे मागायचंच असेल तर ४५ लाखांपर्यंतच्या घराला एकच टक्का जीएसटी लागतो, ती मर्यादा वाढवण्यासाठी राज्याने जीएसटी परिषदेत आग्रह धरावा, असं मागा. ही मर्यादा २०१९ पासून तशीच आहे. मुंबईत ४५ लाखांत घर उरलंय कुठे?

चावीवाली

जीएसटीचा मुद्दा मान्य, पत्रात घालू.

बोळींजचं मात्र कारण नीट पाहायला हवं. तिथे इमारती आधी उभ्या राहिल्या आणि पाणी मागून आलं. सूर्या योजनेचं पाणी २०२३ च्या अखेरीस पोहोचू लागलं. तोवर लोक घर घेऊन टँकर मागवणार होते का? त्यात कामाच्या जागेपासूनचं अंतर. मुंबईत २०२४ च्या सोडतीत २,०३० घरांसाठी १ लाख १३ हजारांवर अर्ज आले. तीच म्हाडा, तीच सोडत. आणि त्याच म्हाडाचं २०२३ च्या सोडतीतलं ताडदेवचं घर साडेसात कोटींचं होतं. म्हणजे जागा चुकली तरी घर पडून राहतं, किंमत चुकली तरी पडून राहतं.

अधिमूल्याबद्दल: जानेवारी २०२१ मध्ये सरकारने एक वर्षासाठी ती निम्मी केली होती. बदल्यात बिल्डरने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क भरायचं होतं. नोंदण्या वाढल्या, प्रकल्प मार्गी लागले, हे खरं. पण दर खाली आले नाहीत. जो बचतीचा पैसा ग्राहकाकडे पोहोचवण्याची कायद्याने सक्ती नाही, तो जमीनमालकाच्या पुढच्या व्यवहारात मुरतो.

लेखाबाई

किमतीवर सगळे बोलताहेत, पण घर मिळाल्यावर ते टिकतं कसं याचाही हिशेब हवा. झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेत वर्षानुवर्षं बिल्डरने प्रत्येक सदनिकेमागे देखभालीसाठी ४० हजार रुपये कायम निधीत भरायचे, असा नियम होता. २०० घरांच्या इमारतीला ८० लाख झाले. सात टक्क्यांनी वर्षाला ५ लाख ६० हजार व्याज, म्हणजे महिन्याला सुमारे ४६ हजार, घरटी २३० रुपये. एवढ्यात दोन लिफ्टचा वार्षिक करार, पाण्याचा पंप, जिन्यातली वीज, दोन पाळ्यांचे पहारेकरी आणि सफाई बसवून दाखवा. बसत नाही.

मग पहिली काटछाट होते ती लिफ्ट आणि अग्निशमन यंत्रणेवर. डिझेल पंप वर्षभर चालवून पाहिला जात नाही, नळ्यांत दाब नसतो, मीटरच्या खोलीत आणि डक्टमध्ये अडगळ साठते. गोरेगावच्या झोपु इमारतीत ऑक्टोबर २०२३ मध्ये आगीने माणसं गेली, तेव्हा काही दिवस चर्चा झाली.

जितकी उंच इमारत तितकी देखभाल महाग. गरीब कुटुंबासाठी सात मजल्यांची इमारत २३ मजल्यांपेक्षा चालवायला स्वस्त पडते. कायम निधीची रक्कम मजल्यांच्या संख्येशी जोडा आणि दर तीन वर्षांनी वाढवा, ही ओळ पत्रात हवीच.

एफएसआय

लेखाबाईंचं गणित माझीच बाजू मांडतं. सात मजल्यांची इमारत म्हणजे त्याच भूखंडावर कमी घरं. जमीन फुकट, वर ती अर्धवट वापरायची?

आणि ते परत विकण्याचं बंधन. सोडतीतलं घर आज पाच वर्षांनी विकता येतं. गरिबाच्या हातात आयुष्यात एकदाच मालमत्ता येते. मुलीच्या शिक्षणासाठी ती बाजारभावाने विकायची नाही, असा नियम फक्त गरिबालाच का?

चावीवाली

कारण जमीन सगळ्यांची होती. आज एकाला २५ लाखांचा फायदा झाला आणि पाच वर्षांनी ते घर कायमचं बाजारात गेलं, तर पुढच्या कुटुंबासाठी पुन्हा नवी जमीन शोधावी लागते. आणि मुंबईत ती उरलेली नाही. परतीच्या सूत्रात भरलेली रक्कम, महागाईप्रमाणे वाढ आणि घरात केलेल्या सुधारणांचा खर्च मिळावा. मुलीचं शिक्षण अडू नये, पण घरही साठ्यातून जाऊ नये. सिंगापुरातही सरकारी घर ९९ वर्षांच्या पट्ट्यानेच मिळतं.

पूर्वभाग

मुंबईबाहेर या जरा. सोलापूरजवळ कुंभारी इथे रे नगर आहे. असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरं, त्यांतल्या पहिल्या १५ हजारांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे. त्याआधी विडी कामगारांची १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत तिथेच झाली. दोन्हींमागे माजी आमदार नरसय्या आडम यांचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा होता. आमदाराने मनावर घेतलं तर काय होतं, याचं महाराष्ट्रातलं हे सर्वांत मोठं उदाहरण आहे, म्हणून या धाग्यात ते यायलाच हवं.

तिथून शिकण्यासारख्या गोष्टी तीन. लाभार्थी आधी संघटित होते, यादी तयार होती, त्यामुळे घरं ग्राहक शोधत बसली नाहीत. घराच्या अनुदानातून जलवाहिनी, वीज उपकेंद्र, सांडपाणी प्रक्रिया, रस्ते होत नाहीत. त्यासाठी वेगळा पैसा मंत्रालयातून आणावा लागतो, आणि तो उशिरा आला की बांधलेली घरं रिकामी राहतात. बोळींजचा रोग हाच.

तिसरी गोष्ट व्यवसायाची. विडी वळणारी बाई पानं आणि तंबाखू घरी आणून काम करते, तिला गावाबाहेरचं घर चालतं. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याला शेवटची बस किती वाजता आहे हे घराइतकंच महत्त्वाचं. घर देताना परिवहनाच्या फेऱ्यांचा लेखी ठराव मागा.

आणि बँका. ज्याच्याकडे ना पगारपत्रक ना आयकर विवरण, त्याला बँक दारात उभं करत नाही. केंद्राने अशा कर्जांसाठीचा पतहमी निधी (कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई देणारा) १ हजार कोटींवरून ३ हजार कोटी केला आहे. जिल्हा बँकर्स समितीच्या बैठकीत आमदाराने शाखानिहाय किती अर्ज आले, किती फेटाळले आणि का, हे लेखी मागवावं.

एफएसआय

रे नगरबद्दल आदर आहे. पण तिथे जमीन बरीच स्वस्त होती, तो मुंबई-ठाण्यासाठी नमुना नाही.

आणि आता कोणीतरी भाड्याच्या सरकारी घरांचा मुद्दा काढणार, म्हणून आधीच सांगतो. एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) २००८ मध्ये १६० चौरस फुटांची भाड्याची घरं आणली. बदल्यात बिल्डरला भूखंडाच्या चौपट बांधकामाची परवानगी दिली. भाड्याने राहायला कोणी आलंच नाही म्हटलं तरी चालेल. घरं प्रकल्पबाधितांना गेली, पनवेलच्या कोनला दोन-दोन खोल्या जोडून ३२० फुटांचं एक घर करून गिरणी कामगारांना विकली. सरकारला भाडं वसूल करता येत नाही. संक्रमण शिबिरांतले घुसखोर आठवा. निवडणूक आली की थकबाकी माफ.

भाडेकरार

मुद्दा काढतेच. २००८ ची योजना भाड्यामुळे बुडाली नाही. भाडं कोण ठरवणार, कोण गोळा करणार, गळकं छत कोण दुरुस्त करणार, यासाठी यंत्रणाच उभी केली नव्हती. त्यात १६० फुटांत चार माणसं राहतील हे गृहीत धरलं होतं.

भाडं हवंच, कारण शहरात नव्याने आलेल्याला, हंगामी कामगाराला, एकट्या बाईला मालकीचं घर पहिल्या दिवशी नकोच असतं. आज तो वर्ग अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर किंवा कुठल्याही कागदाशिवाय राहतो. वसुलीची भीती रास्त आहे. त्यावर उपाय: भाड्याची घरं मालकीत बदलता येणार नाहीत हे कायद्यातच लिहा, म्हणजे ‘आज ना उद्या नावावर होईल’ या आशेने भाडं थकवण्याचं कारण संपेल. म्हाडाच्या जुन्या भाड्याच्या वसाहती अशाच एकेक करून मालकीच्या झाल्या आणि भाड्याचा साठा संपला. शिवाय भाड्यातला ठराविक हिस्सा त्याच इमारतीच्या दुरुस्तीला राखून ठेवा. नळ दुरुस्त होतो असं दिसलं तर लोक भाडं भरतात.

नगररचना

एक गोष्ट सगळे विसरलात, आणि तिला नवी जमीनही लागत नाही. १० लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत ४ हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर २० टक्के बांधकाम छोट्या घरांसाठी ठेवायचं आणि ती घरं म्हाडाच्या सोडतीत द्यायची, असा नियम आहे. नाशिकमध्ये ही घरं म्हाडाकडे आलीच नाहीत, हा प्रश्न २०२२ मध्ये विधान परिषदेत गाजला.

पळवाट साधी आहे. एकाच मालकाच्या जमिनीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा ४ हजारांच्या आत ठेवायचा. दुसरी पळवाट: विक्रीच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जाण्याची परवानगी) आधी, २० टक्क्यांची इमारत ‘पुढच्या टप्प्यात’.

आमदाराने तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) विचारावा: नियम लागू झाल्यापासून ४ हजार चौरस मीटरवरचे किती अभिन्यास (लेआउट) मंजूर झाले, त्यांत किती घरं देय होती, किती म्हाडाला कळवली, किती ताब्यात आली, महापालिकानिहाय. उत्तर गोलमाल आलं तर अर्धा तास चर्चा मागावी. आणि नियमात दोन बदल: जमिनीचं क्षेत्र ठराविक तारखेच्या सातबाऱ्यावरून मोजा, आणि २० टक्क्यांचा ताबा दिल्याशिवाय शेवटचं भोगवटा प्रमाणपत्र देऊ नका.

एफएसआय

या दोन बदलांना माझी हरकत नाही. नियम आहे तर तो सगळ्यांना सारखा लागू व्हावा, प्रामाणिक बिल्डरलाही तेच हवं. कायम निधी आणि जीएसटी यांवरही सही करीन. शून्य किमतीच्या जमिनीवर नाही.

चावीवाली

मग पत्राचे दोन भाग करू. पहिल्यात २० टक्क्यांचा प्रश्न, कायम निधी, जीएसटी, यावर सगळ्यांच्या सह्या. दुसऱ्यात जमीन आणि भाड्याची घरं, ज्यांना पटतं त्यांनीच सही करायची.

दुसऱ्या भागात एक काळजी घ्या. ‘सरकारी जमीन’ हा एक कप्पा नाही. महसूल खात्याच्या जमिनीला १९७१ चे सरकारी जमीन विल्हेवाट नियम लागतात, म्हाडाच्या जमिनीला १९८१ चे वेगळे नियम, सिडकोला तिचे स्वतःचे विनियम. तिन्हींचा उल्लेख नसेल तर प्रत्येक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवेल. आणि आमदाराला सांगा की भाषणापेक्षा पुरवणी मागण्यांवर, म्हणजे अर्थसंकल्पानंतरच्या वाढीव खर्चाच्या यादीवर बोलावं. रे नगरसारख्या वसाहतीच्या पाण्याचा पैसा त्याच यादीत येतो किंवा गळतो. अशासकीय (आमदाराने स्वतः मांडायच्या) विधेयकाची सूचना द्यायची असेल तर मसुदा आपणच करून देऊ. भाडेकरार, परतीच्या सूत्राचं कलम तुम्ही लिहाल का?

भाडेकरार

लिहिते. महागाईप्रमाणे वाढ कोणत्या निर्देशांकाने धरायची ते आधी ठरवा. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक घ्यावा असं माझं मत आहे. तो केंद्रनिहाय निघतो, त्यामुळे सोलापूर आणि मुंबईला एकच दर लावावा लागणार नाही.